स्मार्ट लॉक विकायचंय? आधी दार बघायला शिका



"सर, किनवटसारख्या गावात स्मार्ट लॉकचा धंदा चालेल का? आणि आधी स्वतःच्या घराला लावायचं तर कोणतं घेऊ?" हे दोन प्रश्न नेहमी जोडीनं येतात. माझं मत सरळ आहे. धंदा चालेल. पण ज्याला घराच्या पुढच्या दाराचं कुलूप नीट निवडता येत नाही, त्यानं ते विकायला जाऊ नये. मोबाईलचं कव्हर चुकलं तर गिऱ्हाईक दोन शिव्या देऊन विसरतं. दाराचं कुलूप चुकलं तर रात्री दहा वाजता एखादी म्हातारी आई घराबाहेर पायरीवर बसून राहते. छोट्या गावात ही गोष्ट सकाळपर्यंत बाजारात पोहोचलेली असते.

म्हणून आज ब्रँडची यादी देत नाही. निवड कशी करायची तेवढंच बोलू.

चोर कुलपाला हात लावत नाही

पेपरातली घरफोडीची बातमी आठवा. "कडीकोयंडा तोडून घरात प्रवेश केला" हे वाक्य ठरलेलं असतं. कुलूप बऱ्याचदा शाबूतच असतं, उखडतो तो कोयंडा. चार स्क्रूवर बसवलेला कोयंडा पहारीच्या एका हिसक्यात बाहेर येतो. दुसरी गोष्ट, बाहेर लटकणारं कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगत असतं की घरात कोणी नाही.

चांगल्या स्मार्ट लॉकचा खरा फायदा इथं आहे. त्याची जीभ दाराच्या आतून निघून चौकटीत घुसते. घरात माणसं आहेत की सगळे लग्नाला गेलेत, हे बाहेरून कळत नाही. ॲप, आवाज, निळा लाईट हे सगळं नंतर. पण हाच फायदा आतून बसणाऱ्या चावीच्या चांगल्या कुलपातही मिळतो आणि ते बरंच स्वस्त पडतं. हे गिऱ्हाइकाला सांगायची तुमची तयारी हवी.

आणि चौकटच खिळखिळी असेल, वाळवी लागली असेल, तर तीस हजारांचं लॉकही काही करू शकत नाही. अशा घरी पहिलं काम सुताराचं.

आधी दार बघा

आपला भाग सागवानाचा. जुन्या घरांना जाड सागवानी दारं आहेत, तीही दोन फळ्यांची. बाजारातली बहुतेक स्मार्ट लॉक एका फळीच्या दारासाठी बनवलेली असतात. दोन फळ्यांच्या दाराला ती लावायची तर एक फळी वर-खाली खिट्टीनं पक्की जखडावी लागते. ते जमणार नसेल तर नाही म्हणा.

दाराची जाडी मिलीमीटरमध्ये मोजा. प्रत्येक लॉकच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किती जाडीपर्यंत चालतं ते दिलेलं असतं. फार पातळ दारात खाच पाडली तर दारच कमजोर होतं आणि फार जाड दारात हँडलचा दांडा पोहोचत नाही. दार डावीकडे उघडतं की उजवीकडे, लाकडी आहे की लोखंडी, हेही लिहून घ्या. लोखंडी दाराला वेगळ्या पद्धतीचं लॉक लागतं.

पावसाळ्यात लाकूड फुगतं. उन्हाळ्यात अलगद लागणारं दार श्रावणात खांदा लावून ढकलावं लागतं. चावीचं कुलूप आपण दार ओढून, दाबून कसंबसं लावतो. स्मार्ट लॉकची मोटर तसं करू शकत नाही. जीभ चौकटीच्या पट्टीवर अडते, मोटर कुरकुरते, सेल लवकर संपतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचं लॉक खराब निघालं." लॉक चांगलंच असतं, बसवणाऱ्यानं जागा सोडलेली नसते.

पश्चिमेकडे तोंड असलेलं, छज्जा नसलेलं दार असेल तर आणखी सावध राहा. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. उघड्यावरच्या दारासाठी लॉक किती तापमानापर्यंत चालतं आणि पाण्यापासून किती संरक्षण आहे, हे वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

मग घरातली माणसं बघा

विक्रीच्या वेळी सगळ्यात जोरात सांगितलं जातं ते बोटाचा ठसा. पण रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून चार-चार वेळा बोट पुसणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. शेतात, वीटभट्टीवर राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात. वय झालं की त्वचा कोरडी पडते. कापूस वेचणाऱ्या मावशीचं बोट दुकानातल्या डेमोत एकदा लागलं म्हणून रोज लागेलच असं नाही.

त्यामुळं घरातल्या प्रत्येकाला उघडता येईल असा त्याच्या सोयीचा रस्ता हवा. आजोबांना कार्ड, मुलांना पिन, कमावत्या माणसाला बोट. आणि सगळ्यांसाठी एक साधी चावी. चावीचं भोक नसलेलं लॉक मी आपल्या भागात कुणालाही सुचवत नाही. ती चावी घराच्या कपाटात ठेवून उपयोग नाही, हेही समजावून सांगा. एक विश्वासातल्या शेजाऱ्याकडं, एक शेतावर किंवा दुकानात.

आतून मात्र दार नुसतं हँडल दाबून उघडलं पाहिजे. पिन नाही, बोट नाही. घरात गॅस लीक झाला, आग लागली, तर आठ वर्षांच्या पोरीलाही बाहेर पडता आलं पाहिजे. ही अट जे लॉक पूर्ण करत नाही, ते फुकट मिळालं तरी घेऊ नका.

लाईट गेली तर?

हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारणार. घरगुती स्मार्ट लॉक सहसा चार पेन्सिल सेलवर चालतं, त्यामुळं लाईट गेल्यानं त्याला फरक पडत नाही. सेल उतरत आले की ते आधी आवाज करून किंवा दिवा लावून सांगतं. ते दुर्लक्षिलं आणि सेल पूर्ण बसले, तर बऱ्याच मॉडेलांना बाहेरून पॉवर बँक जोडायची टाइप-सी खाच असते, काहींना नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची जागा असते. ही सोय आहे का ते बघा आणि गिऱ्हाइकाला एकदा करून दाखवा.

वायफायचं लॉक सगळ्यांना हवं असतं, कारण पुण्यातून किंवा हैदराबादेतून मुलगा दार उघडू शकतो. पण वायफाय सेल जास्त खातं. शिवाय घरचं नेट बंद पडलं की तो दुरून उघडायचा रस्ताही बंद. म्हणून जे लॉक नेटशिवाय पिन, कार्ड आणि चावीनं पूर्ण चालतं तेच घ्या. नेट असलं तर बोनस समजा.

आता धंद्याचं बोलू

गिऱ्हाइकाची गरज ओळखणं म्हणजे काय, याचं माझं आवडतं उदाहरण शनी शिंगणापूरचं. दाराला कुलूप न लावण्याची प्रथा असलेलं हे गाव. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं शाखा उघडली. गावाचा मान ठेवायचा होता आणि पैसेही सांभाळायचे होते. मग नेहमीसारखं कुलूप न लावता काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय लॉक बसवलं, जे सहजी दिसत नाही. दार कुणाचं आणि तिथली माणसं कशी, हे आधी बघितलं म्हणून हा मार्ग सुचला.

दुसरं उदाहरण १८९७ चं. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. कुलूप वर्षानुवर्षं बंद राहतं आणि योग्य चावीनंच उघडतं, एवढ्याच भरवशावर ते नाव घराघरात गेलं. कुलपाच्या धंद्यात आपण भरवसाच विकतो.

आता हिशोब. समजा, लॉक तुम्हाला ९,००० ला पडलं. सुताराची मजुरी ५००, पेट्रोल २००. तुम्ही १०,५०० घेतले, तर हातात ८०० राहिले. तेवढ्यात "दार उघडत नाही" म्हणून इस्लापूरहून रात्री फोन आला, तर दोन चकरांत ते ८०० संपले. ऑनलाइनवाल्याशी किमतीत भांडायला गेलात तर ८०० सुद्धा मिळणार नाहीत.

म्हणून खोकं विकू नका, देखभाल विका. वर्षाला १,००० रुपये, दोन भेटी: एक पावसाळ्याच्या तोंडावर, एक दिवाळीआधी. सेल बदला, जीभ आणि पट्टी जुळते का बघा, बिजागरी कसा. शंभर दारं झाली की वर्षाला एक लाखाची बांधलेली आवक. त्यातून सेल, पेट्रोल आणि तुमचा वेळ वजा करा, तरीही हातात काही उरतं. नांदेडहून माणूस यायची वाट बघण्यापेक्षा गावातला पोरगा तासाभरात येतो, यासाठी लोक पैसे देतात. शेजारी माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला वर्षभर भाविक येतात. तिथं खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना रोज नवा पिन ही खरी सोय आहे. त्यांच्याकडं आधी जा.

शेवटची गोष्ट, आणि यात तडजोड नाही. लॉक बसवणाऱ्याच्या हातात अख्ख्या घराची किल्ली असते. ॲपचं खातं गिऱ्हाइकाच्याच फोनवर, त्याच्याच नंबरवर उघडा. कंपनीनं दिलेला मूळ पिन त्याच्यासमोर बदलायला लावा आणि तो टाकत असताना पाठ फिरवा. "भाऊ, तुम्हीच ठेवा लक्षात, मी विसरतो" असं काका म्हणाले तरी नाही म्हणा. कागदावर लिहून त्यांच्याच हातात द्या. उद्या त्या गल्लीत चोरी झाली, तर पहिलं बोट तुमच्याकडं वळू नये.

या रविवारी लॉक मागवू नका. टेप आणि वही घ्या, ओळखीतल्या पाच घरी जा आणि दारं मोजा. जाडी, फळ्या, चौकट, ऊन कुठून येतं, घरात कोण कोण राहतं, सगळं लिहा. पाचपैकी कोणत्या घराला "तुम्हाला स्मार्ट लॉक नको, चावीचंच चांगलं कुलूप घ्या" असं सांगाल, हे ज्या दिवशी ठरवता येईल, त्या दिवशी दुकानाचा बोर्ड रंगवायला द्या.