प्रिंटर म्हातारा झालाय, मेला नाहीये!

परवा शनिवारी सकाळीच बाबांचा फोन. "अरे, नव्या कॉम्प्युटरवर प्रिंटर दिसतच नाहीये. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या." हा लेझर प्रिंटर मी पहिल्या नोकरीत असताना घेतलेला. टोनर भरला की अजून खणखणीत छापतो. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की कंपनीने विंडोज ११ साठी त्याचा ड्रायव्हर काढला नाही.

स्वस्त प्रिंटरची हीच गोची असते. पानाचे ठिपके करायचं डोकं त्यात नसतंच, ते काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. ड्रायव्हर गेला की प्रिंटर मुका.

पण घरात माझा जुना लॅपटॉप पडून होता, लिनक्सवाला. या मॉडेलचा ड्रायव्हर कोणा भल्या माणसांनी हौसेने लिहून ठेवलाय. प्रिंटर यूएसबीने लॅपटॉपला जोडला, कप्समध्ये शेअरिंग चालू केलं. विंडोजमध्ये लॅपटॉपचा पत्ता, पोर्ट ६३१ आणि प्रिंटरचं नाव दिलं, ड्रायव्हर म्हणून साधा पोस्टस्क्रिप्टचा निवडला. आता विंडोज पोस्टस्क्रिप्ट पाठवतं आणि त्याचे ठिपके लिनक्स करतं. प्रिंटर कोणता आहे हे विंडोजला कळायची गरजच नाही! (एक तास फुकट गेला तो फायरवॉलमध्ये. आणि हो, ६३१ फक्त घरच्या नेटवर्कलाच उघडा. २०२४ मध्ये कप्समध्ये गंभीर त्रुटी सापडल्या होत्या, तेव्हा अपडेट टाळू नका.)

पूर्वी अशा जोडणीला सांबा लागायचं. १९९२ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते सुरू केलं, म्हणजे लिनक्सनेच विंडोजची भाषा शिकायची. आता आयपीपी दोघांनाही येते, सांबाशिवाय भागतं.

मला राग येतो तो "नवीन घ्या" या दोन शब्दांचा. यंत्र धडधाकट असताना एक फाईल नाही म्हणून ते भंगारात? सगळेच जुने प्रिंटर असे वाचतील असं नाही, काहींचा ड्रायव्हर लिनक्सवरही नाही. म्हणून पुढच्या वेळी दुकानात मिनिटाला पानं किती हे नंतर विचारा. आधी विचारा, पोस्टस्क्रिप्ट आहे का, ड्रायव्हरशिवाय आयपीपीवर चालतो का. दुकानदार तोंडाकडे बघत बसेल, बसू दे.

असो. बाबांनी पहिलं पान छापलं ते सोसायटीच्या मीटिंगच्या नोटिशीचं. एक कॉपी जास्त काढली, म्हणे त्या दुकानदाराला नेऊन दाखवतो!