सरपोतदार म्हणजे सुधीर जोशीच

भिवंडीत भाड्याची खोली मिळवणं काय असतं, हे यंत्रमागावर कामाला आलेल्या कुणालाही विचारा. एका खोलीत पाळ्यांनी झोपणारी माणसं, डिपॉझिट, आणि ‘अजून कितीजण आणलेत?’ म्हणून दारात उभा राहणारा मालक. म्हणूनच 1988 सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’तले घरमालक विश्वासराव सरपोतदार आपल्या गल्लीतलेच वाटतात. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांच्यावर भरपूर लिहून झालंय, पण मला या चित्रपटातली सगळ्यात अचूक निवड वाटते ती सुधीर जोशी यांची. भूमिका लहान, तरी तोलामोलाची. मधुमेहाच्या औषधासाठी दिलेल्या 70 रुपयांची चौकशी करणारा हा माणूस पाहा. त्यांचा भाडेकरू धनंजय माने (अशोक सराफ) चेहऱ्यावरची रेषही न हलवता थापा मारतो, आणि जोशी त्या थापा मनापासून ऐकतात. हसवायला जात नाहीत. पैसे गेले याचंच त्यांना खरं दुःख आहे. भारदस्त देह, करडा आवाज आणि आतला भाबडेपणा, हे मिश्रण दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. दुसऱ्या नटाने हा मालक खलनायक केला असता किंवा विदूषक. वसंत सबनीसांचे संवाद चोख आहेतच, पण थाप मारणाऱ्याइतकाच ती पचवणाराही कसलेला लागतो. 2005 साली सुधीर जोशी गेले. पुढच्या वेळी हा चित्रपट लागला की तो प्रसंग फक्त त्यांच्याकडे बघत पाहा.