सेवेपूर्वीचा ताळेबंद

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाणिज्य पदवीधर सुनेने पस्तिशीत परिचारिका व्हायचे ठरवले, तर तिला पुन्हा चार वर्षे शिकावे लागतेच असे नाही. अन्य विषयांतील पदवीधरांसाठी तेथे साधारण 12 ते 18 महिन्यांचा द्रुतगती नर्सिंग पदवी अभ्यासक्रम असतो. मात्र पूर्वतयारीचा काळ त्यात धरलेला नसतो. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय बहुधा आधीच उत्तीर्ण व्हावे लागतात. शिवाय भारतातील तीन वर्षांची बी.कॉम. पदवी प्रत्येक विद्यापीठ समकक्ष मानत नाही. म्हणून नोकरी सोडण्यापूर्वी पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे. अभ्यासक्रम इतका भरगच्च असतो, की सोबत नोकरी निभणे कठीण. तेव्हा शुल्काबरोबर दीड वर्षाचा घरखर्च, तसेच परवाना परीक्षा होऊन काम मिळेपर्यंतची तरतूद आधीच बाजूला काढावी.

‘व्यापारी घरातील सून रुग्णांची शुश्रूषा करणार?’ असा प्रश्न वडीलधाऱ्यांकडून येतो. सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना आहे, हे त्यांनीच मुलांना शिकवलेले असते. मुलाने नवी पेढी काढली, तर घर भांडवल उभे करते. सुनेच्या दीड वर्षासाठीही ते उभे करावे.