धाबी राहती हवीत

बहिणाबाई चौधरी जन्मल्या आसोद्यात, नांदल्या जळगावात. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचे नाव मिळाले. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू आस्थेने जपल्या आहेत, हे खान्देशचे भाग्य. पण तो वाडा राहिला तो कवयित्रीच्या नावामुळे. ज्या घरांत अशाच बायांनी पहाटे जाती ओढली, ओव्या रचल्या आणि ज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, ती धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गावागावांत दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत. त्याबद्दल कुठल्याही सभागृहात प्रश्न विचारला जात नाही.

धाबे म्हणजे गरिबीची खूण, असा समज पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे. धाबे घालणे ही कारागिरी होती. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यांवर निंबाचा पाला किंवा तुराट्या, मग मातीचा जाड थर आणि सर्वांत वर खारी माती. ही खारी गावातल्या ठरावीक जागेचीच आणावी लागे. तिच्यात गवत धरत नाही. पाणी पडले की ती घट्ट बसते आणि भेगा बुजतात. उताराच्या बाजूला पन्हाळ, मधोमध उजेडाला आणि धुराला सानं. मृगाआधी घरातली सगळी माणसे धाब्यावर चढून खारी पसरत, चोपत. भिंती हातदीड हात जाडीच्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांना टेकतो तेव्हा अशा घरात दुपारी पाठ टेकता येते. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसवतही नाही. उन्हाळे अधिक कडक होत असताना ही विद्या आपण हातची घालवत आहोत. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आणि भिल्लांची बांबूची, कुडाची घरे आहेत. त्यांची विद्या वेगळी, गत मात्र तीच.

डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. गांधीजींच्या आग्रहाने चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथल्याच बांबूने आणि गावातल्या वस्तूंनी ते नगर सजवले. साऱ्या देशाचे पुढारी तिथे आले आणि त्या सामानात कुणाला कमीपणा वाटला नाही. आज त्याच यावल तालुक्यातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या मातीच्या घराची लाज वाटते. ही लाज त्याला सरकारी कागदांनीही शिकवली. घरकुल योजनेत मातीची भिंत किंवा मातीचे छप्पर म्हणजे ‘कच्चे’ घर. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या लाभार्थ्याला केंद्राच्या निकषाने 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, किमान 25 चौरस मीटरच्या पक्क्या घरासाठी. बेघराला आणि पडक्या भिंतीआड राहणाऱ्याला ते मिळालेच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण ज्याच्या सागवानी तुळया अजून शाबूत आहेत, ज्याला फक्त एक भिंत बांधायची आणि खारी बदलायची आहे, त्याच्यापुढेही पैसा येतो तो नव्या बांधकामाचाच. मग तो धाबे उतरवतो, लाकूड जुन्या बाजारात विकतो आणि मागे राहते विटांची, उन्हात तापणारी खोली.

यावर लगेच किल्लारीची आठवण करून दिली जाईल, आणि ती करून द्यायलाच हवी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात मराठवाड्यात दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. खान्देशातही मुसळधार पावसात जुनी भिंत खचून जीव जातात. हे दुःख झाकून वारशाच्या गोष्टी करणे निर्दयपणाचे होईल. पण किल्लारीनंतर याच राज्याने आणखी एक काम केले, ते आपण विसरलो. जागतिक बँकेच्या मदतीने नवी गावे वसवली, तशीच असंख्य जुनी घरे जागेवरच मजबूत करण्याचा कार्यक्रमही राबवला. धाब्यावरची जादा माती उतरवायची, भिंतीत आरपार दगड बसवायचे, खांब आणि तुळईचा सांधा तिरप्या आधाराने आवळायचा, असे साधे उपाय अभियंत्यांनी गवंड्यांना दाखवले आणि घरमालकाच्या हाती दुरुस्तीचे पैसे दिले. मराठवाड्यात जमले ते खान्देशात का जमू नये?

संरक्षित स्मारकांच्या यादीची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती यादी किल्ल्यांची, लेण्यांची, मंदिरांची. राहत्या घरातल्या माणसाला तिचा जाचच व्हायचा. 1966 च्या नगररचना कायद्यात प्रादेशिक योजनेतून ऐतिहासिक वास्तू जपण्याची सोय आहे. तिचा उपयोग मोजक्या गावांतल्या आख्ख्या गल्ल्यांसाठी करता येईल. बाकीच्या घरांना संरक्षण नको, दुरुस्तीचा हात हवा. स्मारकांच्या घोषणांपेक्षा हा खर्च किती तरी कमी आहे.

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्हा परिषदांनी या उन्हाळ्यात तीन कामे करावीत. ग्रामपंचायतींकडून धाब्याच्या राहत्या घरांची नोंद करून घ्यावी आणि कुठले लाकूड धड आहे ते अभियंत्याकडून तपासून घ्यावे. जिथे सांगाडा भक्कम आहे तिथे घरकुलाचा निधी दुरुस्तीला वापरता यावा, असा प्रस्ताव राज्याकडे पाठवावा. घरकुलाला रोजगार हमीची मजुरी जोडण्याची रीत आहेच, ती खारी टाकण्याच्या कामालाही लावून घ्यावी. आणि धाबे घालता येणारे जे सुतार, गवंडी उरले आहेत, त्यांच्या हाताखाली आयटीआयची मुले पाठवावीत. यातले बहुतेक कारागीर आता सत्तरीला आले आहेत, म्हणून हे तिसरे काम सर्वांत आधी व्हावे.