एक बाटली फॉर्मलिनची, एक सलाइनची

कॅन्सरच्या धास्तीने परळला टाटा रुग्णालयात आलेल्यांपैकी काहींच्या बायोप्सीत टीबी निघतो. मानेत गाठी, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, पेट स्कॅनवर यकृतापासून मणक्यापर्यंत चमकणारे ठिपके. लिम्फोमा असा दिसतो, अंगभर पसरलेला क्षयही असाच दिसतो. टीबी म्हटल्यावर घरचे हुश्श करतात: औषधाने बरा होईल.

होईलच. पण कोणत्या औषधाने?

फुप्फुसातला जंतू एकदा रक्तात शिरला की लसिका ग्रंथी, आतडी, मणका, मेंदूचं आवरण, कुठेही मुक्काम ठोकतो. एकाच वेळी सगळीकडे पसरला तर तो मिलियरी टीबी. एक्स-रेवर फुप्फुसभर बाजरीच्या दाण्यांएवढे ठिपके दिसतात. लहान मुलं, एचआयव्हीबाधित, स्टेरॉइडवर असलेले यांना धोका अधिक. जन्मल्यावर टोचली जाणारी बीसीजी मुलांना मुख्यतः या मिलियरी आणि मेंदूच्या टीबीपासूनच वाचवते.

आपली मोहीम मात्र खोकल्याभोवती फिरते. दोन आठवडे खोकला, थुंकीची तपासणी, हे पोस्टर सगळ्यांना पाठ आहे. त्यात चूक नाही, कारण संसर्ग पसरतो तो खोकल्यातून. पण देशात नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांत साधारण चौथा-पाचवा फुप्फुसाबाहेरच्या टीबीचा असतो आणि त्याला बऱ्याचदा खोकलाच नसतो. तो पाठदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरकडे जातो, पोटदुखीसाठी सर्जनकडे, मूल होत नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे.

शेवटी कोणीतरी गाठ काढतं, आणि नेमकी तिथेच माती खाल्ली जाते. काढलेला अख्खा तुकडा फॉर्मलिनमध्ये पडतो. पॅथॉलॉजिस्टला ते हवंच असतं. पण फॉर्मलिनने जंतू मरतो. मग कल्चर होत नाही आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल हेही कळत नाही. ‘टीबीशी सुसंगत’ असा रिपोर्ट हातात येतो आणि नेहमीच्या गोळ्या सुरू होतात, बहुतेक वेळा अंदाजाने.

मुंबईत हा अंदाज महागात पडतो. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जगासमोर मांडले, त्याला दशक उलटून गेलं. मुंबईच्याच नंदिता वेंकटेशन यांचा टीबी आतड्यांचा. 2013 मध्ये कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी त्यांची श्रवणशक्ती गेली. पुढे बेडाक्विलिन या टीबीवरच्या नव्या औषधाच्या वाढीव पेटंटला विरोध करणाऱ्या दोघींपैकी त्या एक होत्या, आणि मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. नवी औषधं आवाक्यात येत आहेत; ती कोणाला द्यायची हे मात्र तपासणीशिवाय कळणार नाही.

तुकड्याचा एक भाग साध्या सलाइनमध्ये ठेवला तर कल्चरही होतं आणि सीबीनॅट ही जंतूची जनुकीय चाचणीही. फुप्फुसाबाहेर जंतू विरळ असतात, तेव्हा निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही, हा डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे. पण पॉझिटिव्ह आलं, तर जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का, हे सुमारे दोन तासांत समजतं.

परळची केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालयं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिन्हींच्या शस्त्रक्रियागृहांत दोन बाटल्यांचा नियम कागदावर नव्हे, ट्रेवर दिसायला हवा. आणि खासगी दवाखान्यात गाठ काढायची असेल, तर सही करण्याआधी नातेवाइकांनी सर्जनला विचारावं: सलाइनची बाटली ठेवली आहे ना?