समर्पक साथ

गाण्याच्या बैठकीचा वर्तमानपत्रातला वृत्तान्त तुम्ही कधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचता का? मी वाचतो. बँकेत कारकुनी करणाऱ्याला कुठलाही कागद तळापर्यंत वाचायची खोडच लागते. वर चाळीस ओळी बुवांचा मारवा, बुवांची तान, बुवांची शाल. आणि अगदी तळाशी, जाहिरातीला टेकून, एक वाक्य : 'तबल्यावर अमुक यांनी समर्पक साथ केली.' गाव बदलतं, ताल बदलतो, माणूस बदलतो. वाक्य बदलत नाही. आमच्या शाखेतला रबरी शिक्कासुद्धा वापरून झिजतो. हे वाक्य झिजतही नाही.

माझं भांडण ह्या वाक्याशी आहे.

मुळात आपल्या भाषेनंच ह्या वाद्यांवर दात धरलेला आहे. बढाई मारली की टिमकी वाजवली. बोभाटा केला की डांगोरा पिटला. बासरी मंजुळ, सतार झंकारते; ढोल मात्र 'बडवायचा', म्हणजे धुणं आणि ढोल एकाच क्रियापदात!

म्हणून एक साक्षीदार आणला आहे : मॅक्स रोच, अमेरिकेतला जॅझचा ड्रमर. जन्म १९२४, नॉर्थ कॅरोलायना. वाढला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. त्याच्या आधी ड्रमरचं मुख्य काम म्हणजे पायाखालच्या मोठ्या ढोलावर चार-चार मात्रा मोजत राहणं. आमच्या कॅशियरसारखं : मोजा आणि गप्प बसा. केनी क्लार्कनं ही मोजणी वरच्या झांजेवर नेली. रोच त्याच वाटेनं पुढे गेला. लय झांजेवर अखंड वाहू लागली आणि मोठा ढोल, डावा हात बोलायला मोकळे झाले. १९४५ साली चार्ली पार्करनं 'को-को' ही धाप लागेल अशा वेगाची तबकडी केली, तेव्हा ड्रमवर हा एकवीस वर्षांचा पोरगा होता. चाल कुठे वळते, कुठे संपते, हे सगळं डोक्यात धरून तो वाजवी. म्हणजे वाद्य चामड्याचं, पण अंग गाण्याचं.

१९६६च्या एका तबकडीत तर त्यानं 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' नावाची चीज एकट्यानं वाजवली. दोन्ही पायांनी तीन मात्रांचा ठेका धरायचा आणि वर हातांनी बोलायचं. ना पेटी, ना बुवा. आता इथे 'समर्पक साथ' कोणाला केली म्हणायची? स्वतःच्याच पायांना?

ड्रमर मागे बसतो, ही तर व्यवस्थाच. पण रोचच्या काळ्या समाजालाच 'मागे बसा' असं ऐकवलं जात होतं. १९६०च्या फेब्रुवारीत त्याच्याच नॉर्थ कॅरोलायनात, ग्रीन्सबरो गावी, चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठेनात. त्याच वर्षी रोचनं 'वी इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट' ही तबकडी केली. वेष्टनावर तसंच काउंटर आणि समोर बसलेली काळी माणसं. मी काउंटरच्या आतला माणूस आहे. समोरच्याला ताटकळत ठेवायची केवढी सोय ह्या फळकुटात आहे, ते मला कोणी सांगायला नको. आता मला सांगा, हा माणूस नुसती लय राखत होता काय?

शिक्षणाचीही तीच कथा. मॅनहॅटन स्कूल ऑफ म्यूझिकमध्ये तो शिकायला गेला, तर मास्तरांना त्याची वाजवण्याची पद्धतच पसंत पडेना. मास्तरांची पद्धत सिंफनीत शोभली असती. पण जॅझच्या बावन्नाव्या रस्त्यावर, जिथे पोट भरायचं, तिथे तिचा उपयोग नव्हता. गड्यानं विषय बदलून संगीतरचना घेतली. आणि १९७२ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानं त्याला अ‍ॅमहर्स्टला प्राध्यापक नेमलं. पूर्ण वेळ विद्यापीठात शिकवणाऱ्या पहिल्या काही जॅझ कलावंतांपैकी तो एक. १९८८मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. २००७ साली तो गेला, तेव्हा ड्रमर हा विचार करणारा प्राणी आहे, एवढं तरी तिकडे शाबीत झालेलं होतं.

कोणी म्हणेल, अहो, झाकीर हुसेनांनी तबल्याला केवढा मान मिळवून दिला! दिला, शंकाच नाही. २०२४ साली ते गेले तेव्हा सारा देश हळहळला. पण तो मान आपण एका माणसाच्या खात्यावर जमा केला आणि खातं बंद केलं. बाकीचे तबलजी अजून तळाच्या ओळीतच आहेत. आजही मध्येच तबल्याचा लहरा सुरू झाला की निम्मं सभागृह बटाटेवड्याकडे धावतं.

कॅशचा मेळ रोज जुळतो तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही. पाच रुपये कमी भरले की मॅनेजरसकट सगळे टेबलाभोवती. लयीचंही तसंच आहे. ती सांभाळणाऱ्याकडे आपलं लक्ष जातं ते फक्त तो चुकल्यावर.

तेव्हा समीक्षक महाराज, विनंती एवढीच. ठेका कोणता होता, बुवा रेंगाळले तेव्हा त्यानं काय केलं, कुठे उत्तर दिलं, कुठे मुद्दाम गप्प राहिला, हे चार ओळींत लिहा. कळत नसेल तर शिकून घ्या. तालाची शिकवणी गावोगाव मिळते. आणि तेही जमत नसेल, तर पुढच्या वेळी वृत्तान्ताची सुरुवात अशी करा : 'अमुक यांचा तबला रंगला. गायनाची साथ समर्पक होती.'

बुवांना काय वाटतं ते बघू.