कंत्राटदाराच्या यादीत आपलं नाव कोण लिहिणार?

एसटी महामंडळात १७,४५० चालक आणि सहाय्यकांची भरती होणार, ही बातमी सप्टेंबर २०२५ मध्ये आली आणि आपल्या जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरू लागले. बॅज काढून ठेवा, तयारीला लागा, संधी सोडू नका. बातमीची दुसरी ओळ वाचायची तसदी फार थोड्यांनी घेतली. ही भरती कंत्राटी आहे, खासगी संस्थेमार्फत आहे आणि तीन वर्षांपुरती आहे. पगार किमान सुमारे ३० हजार. निविदा प्रक्रिया २ ऑक्टोबरपासून सुरू होणार, असंही जाहीर झालं. त्या वर्षी विजयादशमी २ ऑक्टोबरलाच आली होती. म्हणजे आपले लोक दीक्षाभूमीच्या वाटेवर असताना, ज्या एसटीत बसून ते निघाले होते तिच्या नोकऱ्यांचा लिलाव मांडायचं ठरलं होतं.

आमचं म्हणणं सरळ आहे. एसटी कर्मचाऱ्यांचा असंतोष हा पगाराचा घरगुती प्रश्न आहे आणि आरक्षण हा आपला वेगळा प्रश्न आहे, अशी जी विभागणी आंबेडकरी तरुणांच्या डोक्यात बसली आहे, ती चुकीची आहे. दोन्ही एकच प्रश्न आहेत.

बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद, यातल्या कुठल्याही आगारात जा आणि एखाद्या जुन्या वाहकाला बोलतं करा. पगाराचं तो सांगेलच. मार्च २०२५ चा पगार एप्रिलमध्ये ५६ टक्केच हातात पडला, हे कोणी विसरलेलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीच्या तोंडावर दोन दिवस गाड्या थांबवल्या तेव्हा कुठे मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ कबूल झाली, हेही तो सांगेल. पण त्याला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. कामाच्या जागेचं रूपच बदललं आहे. पूर्वी चालक, वाहक, यांत्रिक, वाहतूक नियंत्रक सगळे एकाच महामंडळाचे होते. भांडण झालं तरी एकाच छताखाली व्हायचं. शिवशाही आली तेव्हापासून भाड्याच्या गाड्या आल्या, त्यांच्यासोबत कंपनीचे चालक आले. मग ५,१५० विद्युत बसगाड्यांचा भाडेकरार झाला. आता एकाच गाडीत स्टिअरिंगवर कंपनीचा माणूस आणि तिकीट मशीन घेतलेला महामंडळाचा माणूस. एका गाडीत दोन मालकांचे दोन नोकर! चालकाची सलग ड्युटी किती झाली हे वाहकाने आगार व्यवस्थापकाला विचारावं, तर व्यवस्थापक म्हणणार, तो आमचा कर्मचारी नाही. कंपनीला विचारावं, तर कंपनीचं ऑफिस कुठे आहे हेच माहीत नाही.

याला साहेब लोक आधुनिकीकरण म्हणतात. गाड्या नव्या हव्यातच, खड्ड्यातून खडखडत जाणारी फाटक्या सीटची गाडी कोणाला हवी आहे? आमचा आक्षेप गाडीवर नाही. नव्या गाडीबरोबर नोकरी जुनी, वेठबिगारीच्या काळातली का आणता, हा आमचा सवाल आहे.

उत्तर ठरलेलं असतं: एसटी तोट्यात आहे. बरं, तोटा कोणी केला? संग्रामपूरच्या आदिवासी पाड्याजवळ मुक्कामी गाडी पाठवायची, गावातल्या मुलींना शाळेचा मोफत पास द्यायचा, ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना फुकट न्यायचं, १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्ध्या तिकिटात बसवायचं. हे सगळे निर्णय चांगले आहेत, आमच्या आयाबहिणींना त्याचा उपयोग आहे. पण निर्णय सरकारचा, फोटो मंत्र्याचा, आणि सवलतीचे पैसे मुंबईहून वेळेवर आले नाहीत की उपाशी राहायचं वाहकाने. तोटा दाखवून त्याच वाहकाची जागा कंत्राटदाराला द्यायची. याला नफ्यातोट्याचा हिशेब म्हणत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं विधान आपल्या भाषणांत नेहमी येतं. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतला एक बारीक तपशील सांगितला होता, तो कोणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून रूळ ठोकत राहतो, त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागत. मास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नव्हता, म्हणून स्टेशनवरही चालत नव्हता. कापड गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात पैसा जास्त, पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून त्या खात्याचं दार आपल्यासाठी बंद.

नीट बघा. रेल्वेच्या नियमपुस्तकात अस्पृश्यांना पोर्टर करू नका असं लिहिलेलं असायची गरजच नव्हती. भरती ज्याच्या हातात, त्याच्या स्वयंपाकघराचा नियम हाच नोकरीचा नियम झाला होता. हे मोडण्यासाठीच तर बिंदुनामावली आली. महामंडळ स्वतः भरती करतं तेव्हा जाहिरात काढावी लागते, प्रवर्गनिहाय जागा दाखवाव्या लागतात, कमी दिल्या तर कोर्टात जाता येतं. कंत्राटदार यादी करतो तेव्हा? तो कोणाला फोन करतो? आपल्या पुतण्याला, आपल्या नेत्याच्या कार्यकर्त्याला, ज्याने सांगितलं त्याच्या माणसाला. आडनाव ऐकून त्याने नाही म्हटलं तर तुम्ही कुठल्या टेबलावर दाद मागणार? स्टेशनमास्तरचं स्वयंपाकघर परत आलं आहे, फक्त यावेळी त्याला निविदा क्रमांक आहे.

काही मित्र म्हणतात, बेकार बसण्यापेक्षा ३० हजार काय वाईट? वाईट नाहीत. भुकेल्या माणसाने हातची भाकरी सोडावी असं आम्ही सांगणार नाही. जो पोरगा त्यात लागेल त्याला आम्ही दोष देणार नाही, उलट त्याच्यासाठीही भांडू. पण चौथ्या वर्षी त्याचं काय? गृहकर्जाला बँक उभी करणार का? चूक नसताना काढलं तर चौकशी तरी होणार का?

आपल्याच लोकांनाही थोडं बोललं पाहिजे. १४ एप्रिलला बाबासाहेबांनी कामाचे तास कमी केले म्हणून पोस्टर लावतो. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, ते मजूरमंत्री बाबासाहेबांच्या काळात, हे खरंच आहे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतले रोजचे ९ तास १२ पर्यंत नेण्याला मंजुरी दिली, तेव्हा आपल्या किती मंडळांनी तहसीलवर निवेदन दिलं? पोस्टर लावणारे हात तेव्हा कुठे होते?

एसटीतल्या कायम कर्मचाऱ्यांनाही विचारायचं आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप तुम्ही जवळपास सहा महिने चालवला. त्या काळात कितीतरी सहकाऱ्यांनी जीव दिला. संघटनांचे झेंडे बाजूला ठेवून तुम्ही एकत्र आलात, ती ताकद खरी होती. पण संघटना नको म्हणता म्हणता सगळी सूत्रं एका वकिलाच्या माईकवर सोपवली. पगारवाढ पदरात पडली, विलीनीकरण राहिलं, आणि २२ एप्रिल २०२२ ची मुदत हायकोर्टाने घालून दिल्यावर हजर व्हावं लागलं. हा पराभव कर्मचाऱ्यांच्या हिमतीचा नव्हता. आगारात रोज बसणारी, हिशेब देणारी, निवडून आलेली संघटना नसली की हिंमत वाया जाते. आणि आता शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी चालकाला तुम्ही ‘बाहेरचा’ म्हणणार असाल, तर महामंडळाला दुसऱ्या फुटीची गरजच नाही.

कास्ट्राईबच्या मंडळींनी बढती आणि अनुशेषाची लढाई वर्षानुवर्षं लढली, त्याबद्दल आदर आहे. पण अनुशेष कायम पदांचा मोजतात. पदच कंत्राटी झालं तर अनुशेष शून्य दिसेल आणि आपण अभिनंदनाचा ठराव करू!

वेळही फार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांत लागते. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप धरला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र तरुण रस्त्यावर उतरले होते, तेव्हा नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी भरतीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. दबाव आला की कागद फिरतो.

म्हणून जिल्ह्यातल्या तरुणांना आमचं एक काम आहे. आपापल्या आगारासाठी विभाग नियंत्रकांकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कंत्राटी माणसं किती, कोणत्या संस्थेमार्फत, निवड कोणत्या जाहिरातीने झाली, त्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी किती, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, आणि गेल्या पाच वर्षांत कायम पदं किती रिकामी राहिली. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आलेली उत्तरं एकत्र करून आगारातल्या कर्मचाऱ्यांसोबत, कायम आणि कंत्राटी दोघांसोबत, बसायचं आहे. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं.